पिठ्याची चुलतबहीण

दिवाळीच्या दिवसांत गोंदियात अंगणातला दिवा लावायचा तर जरा विचार करावा लागतो. बल्ब पेटला की पाच मिनिटांत त्याच्याभोवती हिरवट, तिळाएवढ्या किड्यांचं मोहोळ उठतं. ते पणतीच्या तेलात पडतात, रांगोळीवर चिकटतात, पाहुण्यांच्या चहात उतरतात. सकाळी झाडलं तर दिव्याखालून सुपलीभर निघतात. हे धानाचे हिरवे तुडतुडे. शहराच्या चहूकडे बांध्या आहेत, धान कापणीला आलेलं असतं, आणि नेमक्या याच दिवसांत त्यांची संख्या फुगलेली असते. उजेडाचं त्यांना वेड. म्हणून आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला आकाशकंदील उजळतो, पण बैठकीतली ट्यूबलाइट मात्र बंद असते.

गेल्या दिवाळीत शेजारच्या काकू या किड्यांवर भडकल्या होत्या. त्यांच्या बाल्कनीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांचा चुराडा झाला होता. पानं गुंडाळलेली, कळ्या न उमलता गळलेल्या. "या मेल्यांनीच खाल्ली माझी जास्वंद," असं त्या केरसुणी आपटत म्हणाल्या.

तुडतुड्यांची बाजू घ्यावी असं त्यांचं चरित्र नाही. त्यांच्या तपकिरी भाऊबंदांनी २०१७ च्या हंगामात पूर्व विदर्भातल्या धानाची अशी दैना केली, की सरकारला कापसाच्या बोंडअळीबरोबर धानाच्या तुडतुड्यासाठीही मदत जाहीर करावी लागली. पण जास्वंदीच्या खुनात त्यांचा हात नव्हता. हिरवा तुडतुडा धानावर आणि गवतावर जगतो. घरात शिरला तरी मनी प्लांटला तोंड लावत नाही, आणि दिव्याखालचे तर सकाळपर्यंत बहुतेक मेलेलेच असतात. जो इतका गाजावाजा करत येतो त्याच्यावर संशय जाणं साहजिक आहे. खरा चोर मात्र त्याच कुंडीत फांदीच्या बेचक्यात कापसाचा बोळा पांघरून बसला होता.

काकूंनी तो बोळा पाहिला होता, पण त्याला त्या 'बुरशी' म्हणत होत्या. नर्सरीवाल्यानंही फोटो पाहून "मॅडम, फंगस है" असं सांगून बुरशीनाशकाची पुडी दिली होती. दोन आठवडे फवारणी झाली. बुरशीनाशक किड्याला काय करणार? बोळे वाढतच गेले.

तो पिठ्या ढेकूण होता. शाळेत विज्ञान शिकवताना घेतलेलं भिंग माझ्याकडे अजून आहे. त्याखाली बोळा धरला तर आत लंबगोल, गुलाबीसर अंगाची मादी दिसते. अंगावर मेणाचं पीठ, कडेला मेणाची झालर, आणि पोटाखाली पिंजलेल्या मेणाच्या पिशवीत काहीशे अंडी. डोक्याखालची सोंड तिनं फांदीत खुपसलेली असते. झाडाच्या रसात साखर भरपूर, प्रथिनं कमी. म्हणून ती भाराभर रस ओढते आणि नको असलेली साखर मागच्या बाजूनं थेंबाथेंबानं सोडून देते. पानं चिकट का झाली, त्यावर काजळी का धरली आणि कुंडीवर मुंग्यांची रांग का चढली, या तीन प्रश्नांचं उत्तर तो एक थेंब आहे. नराचं काय विचारता? तो पंख असलेला, डासाहून बारीक, आणि मोठा झाल्यावर त्याला खाण्याजोगं तोंडच उरत नाही. लग्न लावून दोन-चार दिवसांत तो मरतो.

काकूंनी भिंगातून पाहिलं, अंगावर शहारे आणले आणि विचारलं, "असलं घाण जनावर देवानं कशाला केलं असेल?"

मला हसू आलं, कारण त्यांच्या हातात बांगड्या होत्या. लाखेच्या.

लाखेचा किडा आणि पिठ्या ढेकूण एकाच मोठ्या कुळातले आहेत. खवले किडी, पिठ्या ढेकूण, लाखेचा किडा आणि लाल रंग देणारा कोचिनियल हे सगळे एकमेकांचे चुलत. सगळ्यांची रीत तीच: सोंड खुपसायची, एका जागी बसायचं, अंगावर काहीतरी पांघरायचं. पिठ्या मेण पांघरतो, लाखेचा किडा राळ. त्या राळेवर गोंदियानं पिढ्यान्‌पिढ्या पैसा कमावला आहे. शहराच्या नावाची एक व्युत्पत्ती गोंड समाजाशी जोडतात, दुसरी गोंद म्हणजे डिंकाशी. नावाचा निवाडा कुणी करो, पण जंगलातून डिंक आणि लाख या बाजारात येत होती आणि लाख शुद्ध करण्याचा धंदा इथं रुजला, याला पुरावा म्हणून लाखेच्या कारखान्यांचं गाव ही ओळख पुरेशी आहे. बालगंधर्वांची पदं घराघरांत वाजली ती लाखेच्या तबकड्यांवर. पांडवांसाठी बांधलेलं घर याच मालाचं होतं. आजही गोळ्यांवरचं चकचकीत आवरण, फळांवरची झिलई आणि सुताराचं पॉलिश यांत ती असते.

माझं आजोळ आमगावकडचं. आजोबांच्या बांधीच्या धुऱ्यावर पळसाची झाडं होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठे मामा लाखेच्या वीतभर काड्या पळसाच्या फांद्यांना बांधत. त्याला बीहन म्हणत. काड्यांतून लालसर, डोळ्याला जेमतेम दिसतील अशी पिलं बाहेर निघून कोवळ्या फांद्यांवर चालत जात आणि एकदा बसली की बसली. माद्यांचे तर पुढे पायही झडतात. तीनेक आठवड्यांनी रिकाम्या काड्या उतरवायच्या, ती फुंकी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे दिवाळीलाच, कतकी लाख निघे. त्यातलंच बीहन पुन्हा बांधलं की पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बैसाखी लाख. ही पळस आणि बोरावरची रंगीनी जात. कुसुमाच्या झाडावरची कुसुमी लाख वेगळी आणि जास्त भावाची. काडीवरून खरवडली की काडी लाख, धुऊन निवडली की दाणा लाख, वितळवून पत्रा ओढला की चपडा.

लहानपणी मला वाटायचं, मामा झाडाला कीड लावतात. मोठेपणी कळलं की ते खरोखर तेच करत होते.

फुंकी उतरवण्याचं कारण मला फार उशिरा समजलं. बीहनाच्या काड्यांत लाखेच्या किड्याबरोबर त्याचे वैरीही दडून येतात. पांढरा पतंग आणि काळा पतंग यांच्या अळ्या लाखेच्या थरात बोगदे करून आतले किडे खातात. काडी झाडावर राहिली तर हे वैरी नव्या पिकात उतरतात. म्हणून ती वेळेत काढायची. लाखेच्या जाणकारांनी आणखी एक तोड काढली: बीहन साठ मेशच्या नायलॉन जाळीच्या पिशवीत घालून बांधायचं. लाखेची पिलं जाळीच्या भोकांतून निघून जातात आणि पतंग आतच अडकतो. लाखेच्या वैऱ्यांच्या यादीत क्रायसोपाचंही नाव आहे. पोपटी रंगाचा, जाळीदार पंखांचा, सोनेरी डोळ्यांचा हा नाजूक किडा. त्याची अळी लाखेची पिलं फस्त करते.

बागकामाचं कुठलंही पुस्तक उघडा. हाच क्रायसोपा तिथं मित्रकीटकांच्या यादीत मानाच्या पाटावर बसलेला असतो, कारण त्याची अळी मावा आणि पिठ्याची पिलंही तशीच फस्त करते. पळसावरून ज्याला हुसकायचं, त्याला जास्वंदीवर बोलावणं धाडायचं.

हे लक्षात आल्यावर बाल्कनीतल्या किडीचं कोडं मला सुटलं. बांधावरच्या पळसाला कीड लागावी म्हणून मामांना तिच्या वैऱ्यांना दूर ठेवावं लागत होतं. चौथ्या मजल्यावरच्या बंद बाल्कनीत ते काम आपण न सांगता करून टाकलेलं असतं. डासांची जाळी, काचेची खिडकी, फरशी, अगरबत्ती, दर पंधरवड्याला झुरळांचा फवारा. पिठ्या खाणारा ढालकिडा आत येत नाही, क्रायसोपा येत नाही, ढेकणाच्या अंगात अंडी घालणारी गांधीलमाशीची बारीक बहीण येत नाही. पाऊस पानं धूत नाही, वाऱ्यानं काही झडत नाही. पिठ्या मात्र येतो, कारण तो उडून येत नाही. तो विकत आणलेल्या रोपाबरोबर येतो, मुंग्यांबरोबर येतो, आपल्या कपड्याला चिकटून येतो. अंगणातल्या जास्वंदीवर पिठ्या असतोच, पण तिथं त्याला खाणारे आहेत. आपण नकळत घरात लाखेची शेती करतो, फक्त लाख निघत नाही.

वैरी नसलेल्या मुलखात या कुळाचं काय होतं याचे मोठे दाखले आहेत. १९९४ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर जास्वंदीचा गुलाबी पिठ्या पोचला आणि बेटावरच्या झाडांची दशा काकूंच्या कुंडीसारखी झाली. आपल्याकडे २००८ साली कोइंबतूरला पपईवरचा पिठ्या प्रथम आढळला. मूळ मध्य अमेरिकेचा. पपई, तुती, जास्वंद सगळ्यांवर तो पसरला. शेवटी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याच्या जन्मजात वैऱ्याला, एका इवल्या गांधीलमाशीला, बंगळूरला आणलं आणि वाढवून सोडलं, तेव्हा तो आटोक्यात आला. त्याच्याही आधीची गंमत १७९५ सालची. ईस्ट इंडिया कंपनीला मौल्यवान लाल रंगासाठी कोचिनियल हवा होता, ब्राझीलहून भलतीच जात आली. रंग काही धड मिळाला नाही, पण रानोमाळ माजलेला निवडुंग मात्र त्या किड्यानं खाऊन साफ केला.

आता नर्सरीकडे वळते. गोंदियातल्या हातगाड्यांवरची आणि नर्सऱ्यांतली बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. गोदावरीकाठचं हे गाव रोपांच्या व्यापाराची मोठी पेठ आहे. लाल मातीचा घट्ट गोळा, त्यात अरेका पाम, क्रोटन, अडेनियम. ट्रकमध्ये रोपं अंगाला अंग लावून येतात, तेव्हा एका क्रोटनचा पिठ्या शंभर क्रोटनचा होतो. यात नर्सरीवाल्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. उघड्या नर्सरीत, पाण्याच्या माऱ्यात पिठ्या दबून असतो. घरी आल्यावर दोन महिन्यांनी डोकं वर काढतो. म्हणून माझा एक हट्ट आहे. नवीन रोप आलं की पंधरा-वीस दिवस ते जुन्या कुंड्यांपासून लांब, न्हाणीघराच्या खिडकीत. कुंडीतून उपसून मुळंही पाहायची, कारण पिठ्याची एक जात मुळांवरच राहते आणि रोप विनाकारण सुकत जातं.

यानंतरचा भाग मला लिहायला आवडत नाही, पण गोंदियातल्या घरांबद्दल लिहायचं तर तो टाळता येत नाही. इथं बहुतेक घरांचा एक पाय गावात असतो. गावातल्या शेतात धानाला फवारलेल्या औषधाची उरलेली बाटली शहरातल्या घरी येते आणि जिन्याखाली पडून राहते. झाडाला पांढरं लागलं की कुणीतरी म्हणतं, "ते आहे ना धानाचं, टाका झाकणभर." माझ्या स्वतःच्या घरात हे झालं आहे. एका नातेवाइकानं मोठ्या मायेनं माझ्या बैठकीतल्या पामवर फवारा मारला, पंखा सुरू होता, आणि रात्री आमच्या लहानग्याला उलट्या झाल्या. नशीब, तेवढ्यावरच निभावलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ती माणसं मोकळ्या रानात होती. आपण चार भिंतींत तेच औषध उडवतो.

बाटलीवर एक चौकोन असतो, त्यात खालच्या बाजूला रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ती खूण आहे. लाल किंवा पिवळा त्रिकोण घराच्या उंबऱ्याच्या आत नको, एवढं साधं. कुंडीच्या मातीत दाणेदार फोरेट टाकायची सवय अनेकांना होती. फोरेट आणि घरोघरी फवारलं जाणारं डायक्लोरव्हॉस ही दोन्ही २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहेत. जुना डबा अजून कपाटात असेल तर त्याला जागा कपाटात नाही.

विडीच्या जिल्ह्यात तंबाखूच्या पाण्याचा सल्लाही मिळणारच. तेंदूपान आणि विडी यांवर इथली कितीतरी घरं चालली, चुरा फुकट मिळायचा, आणि रात्रभर भिजवलेलं तंबाखूचं पाणी माव्याला खरंच मारतं. पण निकोटिन कातडीतून अंगात जातं. निकोटिन सल्फेटच्या वापरावर आपल्याकडे बंदी आहे, ती उगाच नाही. वर तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीच्या रोपांत शिरू शकतो. 'नैसर्गिक' या शब्दावर माझा भरवसा नाही, तो या पाण्यामुळेच.

मग करायचं काय? वैरी घरात येत नाही, तर त्याचं काम आपल्या हातानं करायचं. ढालकिडा काय करतो? रोज झाडावर फिरतो आणि दिसेल त्याला खातो. आपण खाऊ नये, पण फिरावं.

काकूंच्या जास्वंदीचे चुरडलेले शेंडे आधी कापून पिशवीत बांधून टाकले. कान साफ करायच्या काडीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक बोळ्याला लावला. स्पिरिट मेण विरघळवतं, पांढरा बोळा क्षणात नारिंगी-तपकिरी होतो, तेव्हा समजायचं काम झालं. नाजूक पानांच्या रोपावर आधी एका पानाला लावून दोन दिवस थांबायचं. मग कुंडी न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा. दर आठवड्याला, असे चार आठवडे. आठवडाच का, तर मेणाच्या पिशवीतली अंडी पाणी, स्पिरिट कशालाच नीट दाद देत नाहीत. साधारण आठवडाभरात पिलं बाहेर येतात, त्यांच्या अंगावर अजून मेण नसतं, आणि तेव्हाच ती हाती लागतात. नव्वद टक्के लोक पहिल्या आठवड्यानंतर थांबतात असा माझा अंदाज आहे, आणि मग "काही उपयोग होत नाही" म्हणतात.

मुंग्यांची वाट तोडणं तितकंच महत्त्वाचं. कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवली की झालं. मुंग्या पिठ्याची राखण करतात, त्याच्या वैऱ्यांना हुसकतात. राखणदार गेला की उघड्यावरच्या कुंडीत ढालकिडा स्वतःच येतो. इथं एक सावधगिरी. पिठ्यासारखाच पांढरा, पण मोठा, झुपकेदार आणि तुरुतुरु चालणारा कुणी दिसला तर त्याला स्पिरिट लावू नका. ती पिठ्या खाणाऱ्या क्रिप्टोलेमस ढालकिड्याची अळी असू शकते. त्याला १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाहून भारतात आणलं. सव्वाशे वर्षं लोक त्याला ढेकूण समजून मारत आहेत.

मग कडूनिंब. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवानी आणि राय यांनी १९६२ साली दाखवलं, की निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्याला तत्काळ मारत नाही. त्याची भूक मारतं आणि कात टाकणं बिघडवतं. म्हणून सकाळी फवारून संध्याकाळी मुडदे मोजू नयेत. घरासाठी पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी फडक्यानं गाळून त्यात रिठ्याचं किंवा सौम्य साबणाचं थोडं पाणी. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं, तेव्हा फवारणी सांजेला. तेल वापरायचं तर लिटरला पाच मिलि, पण आमच्या डिसेंबरच्या थंडीत नीमचं तेल तुपासारखं गोठतं. कोमट पाण्यात साबणाबरोबर आधी दुधाळ करून घेतलं नाही, तर ते वर तरंगतं आणि पानं करपवतं.

बाकीच्या किडींचं वेळापत्रक गोंदियाच्या हवामानाशी बांधलेलं आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो, बंद खोलीतली हवा पापडासारखी, तेव्हा पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि कोळ्याची जाळी दिसते. तो लाल कोळी. आठ पायांचा, म्हणजे कीटकच नव्हे, आणि कीटकनाशकानं त्याचे वैरी मरून तो उलट वाढतो. त्याला पाणी पुरतं. रोज पानं धुवा. आणि ज्या घरात कूलर दिवसरात्र चालतो तिथली कुंडी कायम ओली राहून तिच्यातून काळ्या चिलटांचे थवे उठतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत असतात. वरची दोन बोटं माती सुकू दिली की त्यांचा संसार मोडतो. पाणी घालण्याआधी बोट खुपसून पाहा, यापलीकडे औषध नाही.

तुळशीचं दुखणं वेगळं आहे, कारण तिच्यावर काही फवारता येत नाही. तीर्थात तिचं पान जातं. ऐन कार्तिकात, लग्न तोंडावर आलं असताना, तिची पानं फिकट होऊन वळतात आणि मागच्या बाजूला काळे ठिपके दिसतात. लोक म्हणतात नजर लागली. ते ठिपके जाळीदार पंखांच्या एका बारीक ढेकणाची विष्ठा असते. तोही रसच पितो. आमच्या घरी सासूबाईंनी नकळत त्याचा बंदोबस्त करून ठेवला होता. नवरात्राच्या आधी त्या मंजिऱ्या आणि रोगट शेंडे खुडत आणि तुळशीला रोज डोक्यावरून तांब्याभर पाणी घालत. मुळाशी नाही, डोक्यावरून. पानं धुतली जात, नवी फूट येई आणि बारशीला तुळस हिरवीगार असे. मी त्यांची थट्टा करायची की मुळं खाली आहेत, आई.

काकूंची जास्वंद आता फुटली आहे. परवा मामांचा मुलगा गावाहून कतकी लाखेच्या चार काड्या घेऊन आला, मला भिंगाखाली पाहायच्या होत्या म्हणून. काकूंनी त्या हातात घेतल्या, राळेच्या थरावरचे पांढरे मेणाचे धागे पाहिले आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "या माझ्या बाल्कनीच्या जवळ ठेवू नका हं." मी काड्या बरणीत घालून तोंडाला ओढणीचं फडकं बांधलं. आज रविवार, पाहणीचा दिवस. जास्वंदीच्या तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात दोन सापडले.